चुन्याचा हात

घराला मी चुना लावला, असं माझी बहीण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि ऐकणारे हसतात. खरं तर उलटं आहे. मी चुना लावला नाही, फसलो तो त्यामुळेच.

सावंतवाडीजवळचं आमचं घर जांभ्याच्या चिऱ्याचं. बारा वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेनं त्याच्या दर्शनी भिंतीला प्लास्टिकचा रंग मारून घेतला. शेड कार्डावर त्या पिवळ्याला सकाळच्या उन्हाचं कसलंसं लाडिक नाव होतं. दुकानदार म्हणाला, आता सात वर्षं बघायला नको. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्यानंतर जोत्याच्या वर वीतभर उंचीवर फुगे धरले. तिसऱ्या वर्षी नुसतं बोट लावलं की उकडलेल्या बटाट्याची निघावी तशी साल निघून हातात येई, आणि आतला चिरा ओला, भुसभुशीत, लोणा लागलेला. दुकानदाराचं म्हणणं एका अर्थी खरं ठरलं. बघवत नव्हतंच.

आजोबांच्या वेळी दर वर्षी पाऊस सरला की एक रंगारी यायचा. गावात त्याला सगळे भाऊ म्हणत. तो यायच्या आधी आठ-दहा दिवस मागल्या अंगणात पिंपात चुन्याची कळी विरायला टाकलेली असे. कळीवर पाणी पडलं की ती फसफसायची, वाफा सोडायची, पिंप हात लावू नये इतकं तापायचं. आम्हा मुलांना तिकडे फिरकायची बंदी होती, म्हणून आम्ही तिथेच असायचो. पिंप निवल्यावर मी एकदा भाऊंना म्हटलं, झालं ना आता, लावा की. ते म्हणाले, "चुनो भिजाक होयो, बाबा. घाय केलंस तर भित थुकतली." मग कधीतरी त्यांच्या मनाला आलं की ते चुना फडक्यातून गाळून घेत, त्यात डिंकाचं पाणी आणि मूठभर मीठ घालत, आणि शेवटी रंग. रंग म्हणजे पुड्यांतली माती. पिवळ्यासाठी पिवडी, लालसाठी हुरमुंजी, आणि पांढरा जास्त पांढरा दिसावा म्हणून चिमूटभर नीळ. काथ्याच्या कुंच्यानं पहिला थर उभा, दुसरा आडवा. थराला 'कोट' म्हणायला आम्ही पुढे शहरात शिकलो. भाऊ 'हात' म्हणायचे. भिंतीला दोन हात दिले, तीन हात दिले.

जांभा म्हणायला दगड, स्वभावानं पाव. पाणी पितो, धरून ठेवतो, सावकाश सोडतो. आमच्याकडे आणि खाली गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातलं बरंच पाणी जमिनीतून भिंतीत चढतं आणि पाऊस गेल्यावर त्याला बाहेर पडायला वाट लागते. चुना ती वाट अडवत नाही. भट्टीत शिंपले किंवा चुनखडी भाजली की त्यांच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि भिंतीवर चढलेला चुना तोच वायू हवेतून हळूहळू परत घेऊन पुन्हा दगड होतो. म्हणजे भाऊ दर वर्षी भिंतीवर दगडाचाच एक पापुद्रा चढवत होते, पण सच्छिद्र. मी त्याच भिंतीला प्लास्टिकचा पावसाळी कोट घातला, तोही आतून ओली असताना.

हे शहाणपण मला घरी आलेलं नाही. ते आलं पणजीत.

मावशी पणजीच्या मळा भागात राहायची, मारुतीच्या देवळाच्या पायथ्याशी. तिच्याकडून चालत निघालं की पाच मिनिटांत फोंताईन्हास लागे. हे नाव मराठी वर्तमानपत्रं चार तऱ्हांनी लिहितात. मावशी त्या भानगडीत न पडता 'पलीकडे जाऊन ये' म्हणायची. एका अंगाला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या अंगाला ओरेंची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकमेकांना खांदे लावून उभी असलेली घरं. टेकडीच्या पायथ्याशी फोंत फेनिक्स नावाचा झरा, त्यावरून वस्तीचं नाव. अठराव्या शतकाच्या अखेरीला इथे नारळाची बाग होती. तिचा मालक गोव्याचाच, पण मोझांबिकमध्ये पैसा करून परतलेला, म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. 1759 मध्ये व्हाइसरॉय जुन्या गोव्याच्या रोगट हवेतून पणजीला राहायला आला, 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, आणि बागेच्या जागी कारकुनांची, अंमलदारांची, त्यांच्या विधवांची घरं दाटीनं उभी राहिली. गाईड हल्ली या वस्तीला युनेस्कोचा शिक्का मारून टाकतात. युनेस्कोच्या यादीत 1986 साली गेली ती जुन्या गोव्याची चर्चं आणि कॉन्व्हेंटं. या गल्ल्या शिक्क्याशिवायच टिकल्या आहेत.

आणि टिकल्या म्हणताना आपण नेमकं काय बघतो? घरं साधीच आहेत. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, लोखंडी कठड्याचे सज्जे, कुठे कुठे काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या खिडक्या. यातलं एकेक आमच्या सावंतवाडीतही सापडेल. नजर धरून ठेवतो तो रंग. गडद पिवळ्याला लागून निळा, निळ्याला लागून हुरमुंजी, मग एखादा मळकट हिरवा. आणि प्रत्येकाच्या दारा-खिडक्यांभोवती, कोपऱ्यांवर, कौलांखालच्या पट्टीवर पांढरी रेघ. ती रेघ नसती तर सगळे रंग एकमेकांत सांडले असते. मावशी तिला 'काजळ' म्हणायची. पांढरं काजळ.

पांढरा रंग मात्र तेवढाच. सबंध घर पांढरं करायची मुभा फक्त देवाच्या घराला, असं पणजीत जुनी माणसं सांगतात. आणि दर पावसाळ्यानंतर घर रंगवलं नाही तर दंड होई, असंही. या नियमाचा कागद मी पाहिलेला नाही, आणि ज्यांनी सांगितलं त्यांनीही पाहिला नव्हता. पण सेंट सेबास्टियनचं कपेल पांढरं आहे, चौकातलं मोठं चर्च तर लांबून डोळे दिपवतं, आणि त्यांच्या अवतीभवती शंभर-दीडशे वर्षं कुणी त्या पांढऱ्याशी बरोबरी केलेली नाही. कागद असो नसो, नियम भिंतींवर होता. दुसऱ्या एका वसाहतीत याच रंगाचा कागद निघाला होता. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर 1817 मध्ये आल्बर्ट किकेर्ट या डच गव्हर्नरानं घरं पांढरी रंगवायला मनाई केली. का, तर उन्हात त्या भिंतींकडे बघून डोकं दुखतं. त्याच्या मागे तिथले लोक कुजबुजत की रंगाच्या धंद्यात साहेबांचा हिस्सा होता. खरंखोटं कोण जाणे. विलेमस्टाड शहर आज त्या रंगांवरच पोट भरतं.

गोव्यात पोर्तुगीज 1961 च्या डिसेंबरात गेले. दंड असला तर तोही गेला, रंग राहिला. याचं कारण मला मावशीच्या गल्लीत दिसायचं. चतुर्थीच्या आधी हिंदू घरांत आतल्या भिंतींना चुना, दिवाळीच्या सुमाराला बाहेरून. आणि तेच रंगारी, तीच शिडी, पुढे नाताळाच्या आधी ख्रिस्ती घरांवर. रंगाऱ्यांचा बाहेरच्या भिंतींचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होऊन डिसेंबरच्या चोविसाला संपायचा. सरकार कुणाचं का असेना, पंचांग आणि पाऊस तेच होते.

या रंगाऱ्यांच्या बोलण्यात मला एक गंमत वाटायची. बादली पोर्तुगीज, पगार पोर्तुगीज, रंगासाठी कोकणीत 'तिंत' म्हणतात तोही तिकडचाच. पण रंगांची नावं उलट दिशेनं गेलेली. आपली नीळ अरबांच्या तोंडून लिस्बनला पोचली आणि तिथे 'अनिल' झाली. हुरमुंजी तर आणखी लांबची. ही लाल माती इराणच्या आखातातल्या होर्मुझ बेटाची, तिथून जहाजात भरून आपल्या किनाऱ्याला येई, म्हणून हुरमुंजी. ते बेट 1622 पर्यंत शंभरेक वर्षं पोर्तुगिजांच्याच ताब्यात होतं. आजोबांच्या भिंतीवरचा लाल पट्टा इतका फिरून आलेला असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. दारांवरच्या घरनंबरांच्या निळ्या-पांढऱ्या फरशा, त्या आझुलेजू, यांचं नाव मात्र निळ्यावरून पडलेलं नाही, जरी प्रत्येक गाईड तसं ठोकून देतो. अरबीत चकचकीत फरशीला जो शब्द आहे त्यावरून ते आलं.

मावशीच्या तेराव्यानंतर मी एकदा उगाच त्या गल्ल्यांतून हिंडत होतो. रुआ द नाताल म्हणून एक छोटी गल्ली आहे. तिथे एका घराच्या कोपऱ्याला कुठल्या तरी टेम्पोनं घासून तळहाताएवढा टवका उडवला होता. वाकून पाहिलं तर आत थरावर थर. वर फिका निळा, त्याखाली पिवळा, मग पुन्हा पिवळा पण तांबूस, मग एक पांढरट, मग हुरमुंजी, पुन्हा निळा आणि तो वरच्यापेक्षा कितीतरी गडद. मी नखानं मोजायला लागलो आणि बाविसाला सोडून दिलं. जुन्या इमारतींची डागडुजी करणारे तज्ज्ञ नेमकं हेच शास्त्रशुद्ध करतात. धारदार पात्यानं भिंतीत छोटी खिडकी पाडतात, एकेक थर उघडा ठेवून त्याची नोंद करतात आणि सर्वांत तळचा, म्हणजे 'मूळ' रंग शोधतात.

मला तिथे उकिडवं बसल्या बसल्या प्रश्न पडला की यातला या घराचा रंग कोणता? तळचा, कारण तो पहिला? की वरचा, कारण आज घर त्या रंगानं ओळखलं जातं? मधल्या वीस वर्षांतल्या वीस रंगांनी काय पाप केलं?

जगात या प्रश्नाची उत्तरं आपापल्या परीनं दिली गेली आहेत. इटलीतल्या तोरिनो शहराला 1800 ते 1850 या काळात एक मंडळ कुठल्या रस्त्याला कुठला रंग ते ठरवून देत असे. पुढे ती योजना विस्मरणात गेली आणि जो तो एकच मातकट पिवळा थापू लागला, इतका की त्यालाच 'तोरिनोचा पिवळा' असं नाव पडलं. 1970 च्या दशकाच्या अखेरीला जोव्हान्नी ब्रीनो या वास्तुतज्ज्ञानं दप्तरखान्यातले जुने कागद धुंडाळून मूळ रंगपट पुन्हा उभा केला आणि लोकांना कळलं की आपल्या शहराचा रंग पिवळा नव्हताच. हे एक टोक. मियामी बीचचं दुसरं. तिथल्या आर्ट डेको इमारती मूळच्या बहुतेक पांढऱ्या, कडांना थोडा रंग. 1980 च्या दशकात त्या पाडल्या जाऊ नयेत म्हणून चळवळ चालू होती, तेव्हा लिओनार्ड होरोविट्झ या कलाकारानं त्यांना बर्फाच्या गोळ्यांसारखे गुलाबी, पोपटी, आकाशी रंग दिले. इतिहासाच्या दृष्टीनं ते चूक. पण त्या रंगांमुळे लोक बघू लागले, आणि बघितल्यामुळे इमारती राहिल्या. आपल्या जयपूरचं काय वेगळं आहे? सवाई जयसिंगानं शहर वसवलं 1727 मध्ये. ते गुलाबी झालं 1876 मध्ये, इंग्लंडचा युवराज येणार म्हणून, रामसिंगाच्या कारकिर्दीत. दीडशे वर्षं जयपूर आपल्या रंगावाचून जयपूरच होतं. आणि तो रंग गुलाबी तरी कुठे, गेरूच तो. पाहुण्यांसाठी केलेली रंगसफेदी आता जागतिक वारसा आहे.

जाँ-फिलिप लाँक्लो नावाचा एक फ्रेंच रंगतज्ज्ञ गावोगाव हिंडून भिंतींच्या खपल्या, मातीची ढेकळं, कौलांचे तुकडे गोळा करायचा आणि प्रत्येक प्रदेशाचा रंगपट मांडायचा. मला हा माणूस त्या कागदवाल्यांपेक्षा जवळचा वाटतो. त्याला ठाऊक होतं की जुन्या गावांचा रंग कुणी निवडलेला नसतो. जी माती हाताशी, तो रंग. चुना तिखट असतो. त्यात फळाफुलांचे रंग जळून जातात, मातीचेच टिकतात. म्हणून तर जगभरच्या जुन्या गल्ल्या एकमेकींच्या चुलत बहिणी दिसतात.

परवा, म्हणजे गेल्या नोव्हेंबरात, पुन्हा फोंताईन्हासला गेलो होतो. सकाळचे साडेआठ. गल्लीत एक नवरदेव फुगीर पँटमध्ये आणि नवरी दहा हात लांब गाऊनमध्ये, दोन फोटोग्राफर, एक माणूस नुसता पंखा धरायला. लग्नाच्या आधीचे फोटो. समोरच्या घराच्या निळ्या भिंतीवर पाटी : कृपया फोटो काढू नका. पाटीसकट फोटो काढणं चालू होतं. दार किंचित उघडून एक म्हातारी बाई बाहेर आली. हातात पावाची पिशवी. तिला स्वतःच्या पायरीवरून उतरायला वाट नव्हती. ती ओरडली नाही. दमलेल्या आवाजात म्हणाली, "फोटो काडात, पूण सोपणाचेर बसूं नाकात." त्यांना कोकणी कळली नाही. नवरीनं तिच्याकडे बघून हात हलवला.

मी तिला वाट करून दिली आणि रंगाचं विचारलं, कारण भिंत डोळ्यांत भरण्याइतकी ताजी होती. ती म्हणाली तो तेलमिश्रित की प्लास्टिकचा ते तिला माहीत नाही, मुलगा लिस्बनहून पैसे पाठवतो आणि ठेकेदार येऊन करून जातो. चुन्याचं काम करणारा कोण आहे आता? शिंपल्यांच्या भट्ट्या कोण पेटवतो? आणि दर वर्षी शिडी लावायची म्हणजे मजुरी किती? चुना स्वस्त होता कारण माणसं स्वस्त होती, हे ती बाई एका वाक्यात बोलली नाही, पण तिच्या हिशेबाचा अर्थ तोच होता. यावर मला उत्तर सुचलं नाही. घर पाच भावंडांच्या नावावर, चौघं परदेशी, छपराचा वासा कुजलेला, आणि लोक येतात ते रंग बघायला. माझ्यासारखे चुन्याचं पुराण सांगायला येतात ते वेगळेच.

पण एवढं तिथे माझ्या लक्षात आलं. जपणुकीचे नियम करणारे रंगाला क्रमांक देतात. अमुक वस्तीत अमुक क्रमांकाचा पिवळा. पिवडीला क्रमांक कसा देणार? नोव्हेंबरात ती अंड्याच्या बलकासारखी असते, फेब्रुवारीत उन्हानं थोडी उतरते, जूनमध्ये पहिल्या पावसात काळवंडते, आणि ऑगस्टात तिच्यावर शेवाळाची झाक येते. मावशीची गल्ली एकाच वर्षात चार गल्ल्या असायची. ताजा आणि उतरलेला असे दोन्ही पिवळे शेजारी शेजारी असायचे, कारण कुणाकडे रंगारी आधी आला, कुणाकडे नाताळ तोंडावर आल्यावर, कुणाकडे त्या वर्षी सुतक. त्या चढउतारावरून घरात काय चाललंय ते कळायचं. प्लास्टिकच्या निळ्याला सुतक नाही. तो बाराही महिने तेवढाच निळा, आणि मग एक दिवस फुगा.

घरी आल्यावर मी भिंत खरवडायला घेतली. खरवडायला म्हणजे सोलायला. जिथे फुगली होती तिथे सोपं, जिथे घट्ट होती तिथे चिऱ्याचा कण घेऊन निघे. पंधरा दिवस गेले. मग भिंत एक महिना उघडी ठेवली, नुसती, वारा प्यायला. येणारेजाणारे विचारत, पाडताय का? भाऊ जाऊन कैक वर्षं झाली. त्यांचा नातू गोव्यात मॉड्युलर किचनं बसवतो. त्याला फोन केला तर म्हणाला, काका, मला येत नाही, पण आजोबा कसं करायचे ते पाहिलंय. रविवारी येतो.

कळी मिळवायलाच तीन दुकानं हिंडावी लागली. पहिल्या दोघांनी पानात खायच्या चुन्याची पुडी पुढे केली. पिंप मिळालं, काथ्याचा कुंचा मिळाला नाही. शेवटी नारळाच्या सोडणाचं टोक ठेचून आम्हीच दोन कुंचे केले. दहा दिवस चुना भिजवला, अकराव्याला गाळला, पिवडी घातली. ती किती घालायची याचं प्रमाण कुठेच लिहिलेलं नव्हतं. नातवानं आधी पुठ्ठ्यावर एक रेघ ओढून सुकवून पाहिली, मग आणखी मूठभर घातली. भिंत पाण्यानं ओली केली आणि उन्हं तिच्यावरून सरकल्यावर त्यानं पहिला हात द्यायला सुरुवात केली. उभा.

आई पडवीत खुर्ची टाकून बसली होती. ओल्यात चुना दिसत नाही, पाण्यासारखा निवळ वाटतो. नुसती ओली, लालसर भिंत दिसत होती, जिथेतिथे दूध सांडून पुसल्यासारखी. आई बराच वेळ बघत राहिली.

"अरे, पण रंग कुठाय?" ती म्हणाली.

नातवानं शिडीवरून मागे वळून पाहिलं. "थांबा, काकी," तो म्हणाला, "चारपर्यंत येईल."